पुसेगावची रिकामी जागा

१२ नोव्हेंबर १९३८, हिंगोली

पुणं सुटलं एकदाचं! मालक स्वतः स्टेशनवर घ्यायला आले. माडीवरची हवेशीर खोली, सकाळी निरसं दूध, चैनच आहे. मालक जुन्या मूर्ती मुंबईच्या शौकिनांना विकतात. खरी कुठली नि बनावट कुठली, एवढंच मी सांगायचं. इथले कारागीर नवा दगड शेणाच्या खड्ड्यात पुरून म्हातारा करतात. पण छिन्नीच्या खोल रेघेत शेण पोचत नाही, तिथं दगड कोराच राहतो. आज असा एक पकडला. मालकांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

१५ नोव्हेंबर

पुसेगावच्या शिवेवरची देवी कुणीतरी पोत्यात घालून मालकांकडं आणली. चोरीची, हे उघडच आहे. अंगावर बोटभर शेंदूर. तो काढल्याशिवाय पारखणार कशी? दिवसभर बसून सगळा खरवडला. आत काय सुरेख काम! अस्सल आहे, सांगून टाकलं. आणली कुणी, हे विचारणं माझं काम नव्हे.

१७ नोव्हेंबर

त्या देवीची पूजा करणारी गोजरबाई आली. भांडेल म्हणून मी तयारीत होतो, पण तिनं मूर्ती मागितलीच नाही. शेंदूर उतरला की देवी उठून जाते, मागं नुसता दगड उरतो, म्हणाली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "जागा रिकामी ठिवता येत न्हाई, लेकरा. ज्यानं उतरवला त्यालाच बसावं लागतंय." मला हसू आवरेना.

२० नोव्हेंबर

गुडघे वाकत नाहीत. डॉक्टर म्हणतात, थंडी. दाढी करताना वस्तरा लागला. रक्त आलं नाही, करडी भुकटी पडली. मला फार भीती वाटते आहे. उद्याच्या गाडीनं पुण्याला जातो.

२१ नोव्हेंबर

जिना उतरता आला नाही. भूक नाही. गोजरबाई माझ्यापुढं निवद ठेवून पाया पडते. आई म्हणते — मला! मालकांना म्हटलं, हिला हाकला. त्यांनी मान खाली घातली नि बैलगाडी जुंपायला सांगितली. पुसेगावला.

तारीख कळत नाही

शिवेवर. लिंबाखाली. वही मांडीवर, उजवा हात तेवढा चालतो — ओरडायला जातो, ओठ हलत नाहीत. गाव जमलंय. आनंदानं रडतंय. शेंदूर गळ्यापर्यंत आला, गार लागतो. मी माणूस आहे. पुण्यात माझी म्हातारी वाट बघत असेल, कुणीतरी तिला —

गोजरबाईनं पदरानं माझं तोंड पुसलं. भिऊ नगं आई, म्हणाली, आता डोळे बसवू. तिच्या हातात चांदीचे — अगं, मला आहेत, मला दिसतंय अजून, दिस —