मायफळातली अळी

मी, रंभाबाई दयाराम घरत, राहणार विचुंबे, तालुका पनवेल, जिल्हा कुलाबा, वय सत्तरच्या आसपास. दुसरीपर्यंत शिकले, म्हणून हे माझ्या हातानं लिवते. डोकं ठिकाणावर हाय. कुणी जोर केलेला नाय. थकले, म्हणून थोडक्यात.

१. भातशेत मुलगा बुधाजी याला.

२. पितळी हंडा शेजारच्या गंगाबाईला. तीनदा मागून नेला, तीनदा मलाच आणायला जावं लागलं. आता तिच्याकडंच ऱ्हाऊ दे.

३. बाळगुटीची पेटी आणि सहाण कुणालाच नाय. चाळीस वर्षं गावातल्या पोरांना गुटी उगाळून दिली, पुरे झालं. हळकुंडं घरात वापरा. मायफळं चुलीत घाला.

४. राहतं घर मालक गेल्यावर माझ्या नावावर झालं. ते सून वेणू हिला. का, ते लिवते.

बारा वर्षांमागं वेणूचं चार महिन्यांचं पोर जुलाबानं गेलं. त्या दिवशी गुटी तिनं उगाळली होती. पेटीत भोक पडलेलं मायफळ दिसलं आणि मी ओसरीवरून ओरडले, "किडकं उगाळलंस! पोर खाल्लंस तू!" सगळी आळी ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "आई, तुमीच तर काढून दिलंत." उरणला माहेरी गेली. बुधाजी माझ्या धाकानं आणायला गेला नाय.

यंदा पनवेलच्या बाजारात काष्टौषधीवाल्या कमळाकरला म्हटलं, भोकाची देऊ नको. तो हसला. "रंभाबाई, हे फळ नव्हंच. परमुलखातल्या झाडाला बारकी माशी टोचते, अंडं घालते, तिथं ही गाठ येते. भोक म्हंजे माशी उडून गेली. बिनभोकाच्यात ती आतच मेली." मी निवडलेलं टणक, बिनभोकाचं मायफळ त्यानं अडकित्त्यानं फोडलं. आत वाळलेली अळी. दुसऱ्यातही.

म्हंजे चाळीस वर्षं मी निवडून निवडून अळीच उगाळली. पोर कशानं गेलं ठाव नाय. वेणूनं मारलं नाय, एवढं ठाव हाय.

५. घर तिनं ठेवावं, विकावं, पाडावं. येऊन ऱ्हायलाच पायजे अशी अट नाय.

६. साक्षीला बसलेला तुळशीराम पाटील म्हणतो, "काकी, मृत्युपत्र माणूस गेल्यावर वाचतात." म्हटलं, गेल्यावर मी तिचे पाय कसे धरू? बुधाजीनं उद्याच्या एस्टीनं उरणला जाऊन तिच्या दारात हे मोठ्यानं वाचावं. शेजारपाजारला ऐकू गेलं पायजे. मी त्याच्या मागं उभी ऱ्हाणार. तिनं दार लावलं तर लावू दे. बुधाजी, तू वाचत ऱ्हा.

सही: रंभाबाई दयाराम घरत

समक्ष सही केली, आमी पाहिली:
कमळाकर विठोबा गांधी, पनवेल
तुळशीराम बाळू पाटील, विचुंबे

विचुंबे, ता. ९ फेब्रुवारी १९५८