टेक एके टेक

२ मार्च, सकाळी सहा
होणाऱ्या विहीणबाई बारा तारखेला येणार. चार दिवस मुक्काम. त्यांना मराठी येत नाही, मला त्यांची भाषा येत नाही. मधली भाषा इंग्रजी. लेक म्हणाली, आई, मी आहे ना, मी सांगत जाईन दोघींना. स्पष्ट नकार दिला. पुढच्या महिन्यात ही लग्न होऊन त्यांच्याकडे कायमची राहायला जाणार. त्याआधी एक वाक्य मला स्वतःच्या तोंडाने सांगायचं आहे, आणि ते लेकीमार्फत सांगता येत नाही. 'माझ्या पोरीला सांभाळून घ्या.' बस.
डोळे चुरचुरले. दुकानातल्या कापडाची धूळ.

२ मार्च, दुपारी
बी.ए.ला माझं इंग्रजी उत्तम होतं. नंतर पडद्यांच्या दुकानात वापर राहिला नाही, एवढंच. दुकानातल्या कपाटाच्या पायाखालची डिक्शनरी ओढून काढली. कपाट डुगडुगायला लागलं. टेलर मास्तर कुरकुरले. ज्ञानासाठी कपाटानेही थोडं सोसावं.
संकल्प: रोज शंभर शब्द.

३ मार्च
ए. पहिलं पान. झोप लागली. दोष छपाईचा.

५ मार्च
शोध लागला! चाळता चाळता 'टेक' सापडला. एका शब्दाला पानंच्या पानं. चहा टेक, औषध टेक, बस टेक, फोटो टेक, रेस्ट टेक, बाथ टेक. मनावर घेणं टेक, रजा घेणं टेक, आणि सांभाळून घेणं तेही टेकच, पुढे फक्त केअर लावायचं. असा आखूडशिंगी, बहुदुधी शब्द असताना लोक बाकीचे का पाठ करतात? ती पानं फाडून पर्समध्ये ठेवली.
ह्यांना सांगितलं. म्हणाले, लग्न झाल्यापासून मला एक शब्द बोलू दिला नाहीस, आणि तुला आता एकच पुरणार?
मी म्हटलं, टेक इट ईझी.

७ मार्च
दुकानात सराव. एक बाई आल्या. टेक सँपल, म्हटलं. टेक मेजरमेंट. टेक टाइम. बाई उठून गेल्या. मास्तर म्हणाले, चांगलं गिऱ्हाईक पळवलंत. मी म्हटलं, टाइम घ्यायला गेलंय. बोलणाऱ्याची मातीही खपते, मास्तर, हे तर पडदे आहेत.
(संध्याकाळपर्यंत आल्या नाहीत. म्हणजे शब्द किती नेमका समजला बघा.)

१० मार्च
घरात नियम जाहीर. ते चार दिवस कोणीही मध्ये पडून भाषांतर करायचं नाही. लेकीने कपाळाला हात लावला. अगं आई, ऐक तरी, त्यांचं इंग्रजी, असं काही तरी सुरू केलं. तिथेच थांबवली. त्यांचं इंग्रजी कितीही भारी असो, मी घाबरणाऱ्यातली नाही.

१२ मार्च
आल्या. उंच, हसऱ्या, मितभाषी. टेक सीट, म्हटलं. बसल्या. टेक टी. प्यायल्या. म्हणाल्या, फाइन. काय उच्चार! प्रवासाचा शीण होता म्हणून टॉवेल हातात देऊन म्हटलं, टेक बाथ. फाइन म्हणून गेल्या. फार शिकलेली बाई. शिकलेल्यांना थोडे शब्द पुरतात. हे मी ह्यांना ऐकवलं.

१३ मार्च
नाश्ता झाल्यावर आतल्या खोलीकडे बोट करून म्हटलं, टेक रेस्ट. फाइन म्हणाल्या, टॉवेल घेतला आणि खोलीशेजारच्या बाथरूममध्ये गेल्या. सकाळी एक अंघोळ झाली होती! दुपारी पुन्हा टेक रेस्ट म्हटलं, पुन्हा टॉवेल. हे म्हणाले, तू त्या बाईला धमकावतेस का? स्वच्छतेची आवड काय असते हे ह्यांना कुठून कळणार. रविवारी अंघोळीला ढकलावं लागतं.

१४ मार्च
विहीणबाईंना दुकान दाखवलं. माझ्याकडून त्यांच्या घराला पडद्यांचा आहेर. पिवळं कापड पुढे केलं. टेक? फाइन. मास्तरांना म्हटलं, कापा. मास्तर म्हणाले, मापं? टेक मेजरमेंट, असं विहीणबाईंनाच विचारलं. फाइन म्हणाल्या. म्हणजे तुमच्या मनाने घ्या. आमच्या घरच्या खिडक्यांची मापं दिली. खिडकी ती खिडकी.

१५ मार्च, संध्याकाळ
सांगितलं!
बाल्कनीत दोघीच होतो. त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. वाक्य पाठ होतं. पण टेक म्हटलं आणि पुढचं केअर कुठे गेलं कोण जाणे. टेक, म्हटलं. परत म्हटलं. टेक, टेक. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग अगदी हळू म्हणाल्या, फाइन. उठल्या, टॉवेल घेतला, बाथरूममध्ये गेल्या. डोळ्यांतलं पाणी लपवायला. नळ कितीतरी वेळ चालू होता.
इतकी हळवी सासू! पोर सुखात पडली.

१६ मार्च
विहीणबाई गेल्या. मोहीम फत्ते. आता क्लास काढावा म्हणते. 'एका शब्दात इंग्रजी.' मास्तरांना पाटी रंगवायला सांगितली. ते म्हणाले, आधी कपाटाचं बघा.

१७ मार्च
होणाऱ्या जावयाचा लेकीला फोन. विहीणबाई पोचल्यापासून शिंकतायत.
लेक हसून हसून बेजार. मधूनमधून कळलं ते असं. विहीणबाईंना इंग्रजी येत नाही. अजिबात. निघायच्या आधी धास्तीने एक शब्द घोकला होता, फाइन. पहिल्या दिवशी मी टेक म्हणत टॉवेल दिला, तेव्हापासून त्या धरून चालल्या की आमच्या घरी काही खाल्लं-प्यायलं की अंघोळ करतात. शेवटच्या संध्याकाळी मी हात धरून, रडवेली होऊन विनवणी केली, म्हणून गार पाण्याने पुन्हा केली. सुनेच्या आईचं मन कसं मोडायचं?
हसता हसता लेकीने विचारलं, पण आई, तुला म्हणायचं काय होतं?
सांगितलं. मराठीत.
तिने नाक पुसलं. मग विहीणबाईंना फोन लावून त्यांच्या भाषेत सांगितलं आणि फोन माझ्या कानाला धरला. तिकडून एक शिंक. मग, फाइन.
मला पुढे बोलता आलं नाही. टेकसुद्धा.

१८ मार्च
आहेराचे पिवळे पडदे पाठवले नाहीत, आमच्याच खिडक्यांना लावले. मापं तंतोतंत बसली. पाटी रद्द. डिक्शनरी कपाटाखाली परत. मास्तर खाली वाकून म्हणाले, बाई, अजून जरासं डुगडुगतंय, काही पानं कमी पडतायत का?
असतील. पर्समधली मी देणार नाही.