तीन वर्षं वापरणारच

५ जानेवारी, सोमवार. सकाळी ९.४०
नवीन वर्ष, नवीन वही. निश्चय: १) रोज लिहिणे, पण मोजकं. २) वजन. ३) ऑफिसात कमी बोलणे. ४) डेमोची यंत्रं बंद करणे (आजच).

वीस वर्षांनी वही उघडली तर चौथ्याचा अर्थ लागायला हवा, म्हणून खुलासा. आमची कंपनी दातांच्या डॉक्टरांना अपॉइंटमेंटचं सॉफ्टवेअर पुरवते. ते चालतं क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या एका बड्या कंपनीच्या कॉम्प्युटरांवर. ते आपण भाड्याने घ्यायचे, भाडं तासाप्रमाणे. डिसेंबरच्या सुरुवातीला चाळीस दवाखान्यांच्या एका मोठ्या साखळीला डेमो दाखवायचा होता, म्हणून मी बावीस यंत्रं जास्तीची उभी केली. डेमो झकास झाला. ते लोक कळवतो म्हणून गेले. यंत्रं बंद करायची राहून गेली. दोन मिनिटांचं काम.

९ जानेवारी, शुक्रवार
साहेबांनी मीटिंग लावली. डिसेंबरचं क्लाउडचं बिल नोव्हेंबरच्या दुपटीहून जास्त. कारण कोणालाच माहीत नाही. मला तर मुळीच नाही. साहेब अगदी हळू आवाजात बोलले, म्हणजे प्रकरण गंभीर. जूनअखेर बिल डिसेंबरपेक्षा एक तृतीयांशाने खाली आलं नाही, तर आमच्या तिघांच्या टीममधला एक जण कमी होणार.

तिघे म्हणजे मी, चष्मेवाली आणि हेडफोनवाला. मी टीमचा प्रमुख, अकरा वर्षं इथे. हेडफोनवाल्याशिवाय डेटाबेस कोणाला कळत नाही. राहिली चष्मेवाली. प्रोग्राम चांगले लिहिते बिचारी, पण येऊन दीडच वर्ष झालंय. फार वाईट वाटलं. तिची नोकरी वाचवायची असं मी मनाशी पक्कं केलं.

बिल वाढण्याची संभाव्य कारणं: महागाई. हॅकर. लोकांचे दात.

डेमोची यंत्रं: सोमवारी नक्की.

१३ जानेवारी
चष्मेवालीची सूचना आली. दवाखाने रात्री आणि रविवारी बंद असतात, तेव्हा आपली बरीचशी यंत्रं बंद ठेवू, खोलीतून बाहेर पडताना दिवा घालवतो तशी. मी प्रेमाने समजावलं की हा किरकोळ विचार झाला. शिवाय रविवारी कोणाचा दात दुखला तर? ती म्हणाली, दुखला तरी दवाखाना बंदच असतो ना सर. मुद्दा सोडून बोलायची सवय आहे तिला.

१६ जानेवारी, शुक्रवार. दुपारी ४
आज मार्ग सापडला! क्लाउड कंपनीचा सेल्समन आला होता. टाय, मऊ आवाज, स्वतःची पाण्याची बाटली. त्याने सांगितलं की अमुक इतकी यंत्रं तीन वर्षं वापरणारच असं लिहून दिलं, तर भाड्यात पंचेचाळीस टक्के सूट. काही बंद करायला नको, काही बदलायला नको. फक्त सही.

चष्मेवालीने मधेच विचारलं, आणि नाही वापरली तर? सेल्समन हसला. पैसे तेवढेच द्यावे लागतील आणि करार मोडता येणार नाही, असं तो अगदी मोकळेपणाने म्हणाला. मला त्याचा मोकळेपणा आवडला. मी म्हणालो, न वापरायला काय झालंय, आपण वापरणारच. मग तोही म्हणाला, सर वापरणारच.

२१ जानेवारी
किती यंत्रांची हमी द्यायची ते काढण्यासाठी डिसेंबर आणि जानेवारीचा वापर तपासला. सतत चाळीस. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही. इतकी सरळ रेघ मी आयुष्यात पाहिली नव्हती. चष्मेवालीचं म्हणणं, आधीचे सहा महिनेही बघू या. मी सांगितलं की मागे बघत बसणारे मागेच राहतात. तिने चष्मा काढून पुसला.

चाळीस म्हणजे चाळीस. गाडी चालवताना आरसा किती वेळ बघायचा?

डेमोची यंत्रं: सही झाल्यावर निवांत.

२ फेब्रुवारी, सोमवार
सही केली! चाळीस यंत्रं, तीन वर्षं. साहेबांनीही सही केली, न वाचता, माझ्यावरच्या विश्वासाने. पेन माझं होतं. ते घरी जपून ठेवणार.

त्याच आनंदात घरी येताना पोहण्याच्या तलावावर थांबलो. तिथेही तीच योजना. महिन्याचं शुल्क चढं, पण पूर्ण कुटुंबाने तीन वर्षांचं एकदम भरलं तर निम्म्याने कमी. कालपासूनची तारीख घालून देतो म्हणाले. भरून टाकलं. वजनाचाही प्रश्न सुटला.

बायकोला सांगितलं. तिने पावती दोनदा वाचली. मग तिने आठवण करून दिली की मला पोहता येत नाही, तिला क्लोरीनने खाज सुटते, आणि मुलगी दुसऱ्या शहरात शिकते. तिचंही शेवटी तेच, नाही वापरलं तर? मी म्हणालो, वापरणारच. सासूबाई गेल्या महिन्यापासून आमच्याकडे राहायला आल्या आहेत. त्या पेपरमागून म्हणाल्या, जावईबापू, कार्ड चार जणांचं आहे का? मी हो म्हणालो. बायको उठून आत गेली.

६ मार्च
फेब्रुवारीचं बिल आलं. पंचेचाळीस टक्के कमी! साहेब माझ्या टेबलापाशी चालत आले. अकरा वर्षांत पहिल्यांदा. सगळ्यांसमोर पाठ थोपटली, डावीकडची. माझ्या दारावर आता ‘बचत प्रमुख’ अशी पाटी येईल. (दार नाही, पण पार्टिशनवर लावता येते.)

चष्मेवालीची नोकरी मी वाचवली. तिने अजून आभार मानलेले नाहीत. लाजत असेल.

तलाव: सोमवारपासून.

९ मार्च, सोमवार
थोडी गडबड. चष्मेवालीने शनिवारी माझी परवानगी न घेता बावीस यंत्रं बंद केली. म्हणे ती काहीच काम करत नव्हती, त्यांच्यावर कोणी येतही नव्हतं. सकाळी डॅशबोर्ड उघडला तर हमीचा वापर शंभर टक्क्यांवरून पंचेचाळीसवर! माझ्या तोंडचं पाणी पळालं. भरलेले पैसे नुसते बसून. मी ताबडतोब सगळी परत चालू केली. शंभर टक्के. जीव भांड्यात पडला.

तिने यादी पुढे केली. प्रत्येक यंत्राचं नाव ‘डेमो, उद्या बंद करणे’, चालू केल्याची तारीख १ डिसेंबर, चालू करणारा मी. यादी पुन्हा वरून खाली वाचली. मग लक्षात आलं की डिसेंबरमध्येच मी कंपनीच्या वाढीची तयारी करून ठेवली होती. चाळीस दवाखाने आले की ही बावीस यंत्रं लागणारच. तिला तसं सांगितलं. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली, बहुधा नव्याने.

नावं बदलली. आता ‘भविष्य-१’ ते ‘भविष्य-२२’.

१५ मार्च, रविवार
तलावावर गेलो. पाणी गार होतं. काठावर बसून पाय बुडवले, ते उपस्थितीत धरतात का ते विचारलं. धरतात. सासूबाई मात्र रोज सकाळी सहाला जातात. वय अडुसष्ट. परवा त्यांनी हात सोडून तरंगून दाखवलं म्हणे. बायकोने त्यांच्यासाठी पोहण्याचा चष्मा आणला, मला नाही.

३ एप्रिल
यंत्रं नुसती चालू ठेवली तर साहेबांना रिपोर्टमध्ये ‘रिकामी’ दिसतात. त्यांनी विचारलं, हे भविष्य करतं काय? उपाय केला. बावीसही यंत्रांना काम दिलं. एकात एक मिळवायचे, उत्तरात पुन्हा एक मिळवायचा, थांबायचं नाही. आता सगळ्या रेघा हिरव्या. बावीस कॉम्प्युटर दिवसरात्र बेरीज करतात आणि बेरीज बरोबर येते.

हेडफोनवाल्याने हे पाहून पहिल्यांदाच हेडफोन काढले. रेघा बघितल्या. परत घातले.

२२ एप्रिल
सर्व विभागांना मेल पाठवला: क्लाउड भरपूर वापरा, संकोच करू नका. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, त्यावर फोटो ठेवता येतील का. त्यांच्या बहिणीच्या लग्नाचे दोन हजार फोटो ‘भविष्य-७’ वर चढवले. निदान कोणीतरी भविष्याचा विचार करतंय.

चष्मेवालीने पुन्हा रात्री आणि रविवारी यंत्रं बंद ठेवण्याचा विषय काढला. आता ते शक्यच नाही, हमी वाया जाईल, असं मी ठणकावून सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे आपण बचत करू नये म्हणून करार केलाय का? उद्धटपणा. पण मी मोठा आहे, सोडून दिलं.

११ मे, सोमवार. सकाळी १०.१५
दवाखान्यांच्या साखळीचा मेल आला. लगेच उघडला. डेमो फार आवडला. दुसऱ्या कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं.

११ मे. १०.४०
दुसऱ्या साखळ्या असतात. दात सगळ्यांनाच असतात.

११ मे. १२.१०
सेल्समनला फोन केला. करार थोडा कमी करता येईल का, असं आडून आडून विचारलं. तो म्हणाला, सर, तुमच्यासारखा ग्राहक मी पाहिला नाही, वापर शंभर टक्के! कमी मात्र करता येत नाही. वाढवता येतो. वाढवू का? मी विचार करून सांगतो म्हणालो. खरं सांगायचं तर दोन मिनिटं खरोखरच विचार केला.

५ जून, शुक्रवार
चष्मेवालीने साहेबांना एक पान दिलं. एकच पान. माझ्यासमोरच दिलं, पाठीमागून नाही, हे मान्य करायला हवं. त्यावर तीन आकडे होते. डिसेंबरच्या आधी आम्हाला लागत होती अठरा यंत्रं. रात्री आणि रविवारी बंद ठेवली तर सरासरी नऊचं भाडं. आणि चाळीसवर माझी पंचेचाळीस टक्के सूट धरूनही आम्ही तीन वर्षं भरणार बावीसचं.

म्हणजे डिसेंबरमध्ये बिल का वाढलं, याचं उत्तरही त्या पानावरच होतं. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं नाही. फक्त विचारलं, ही डेमोची बावीस यंत्रं बंद करायला किती वेळ लागला असता? मी म्हणालो, दोन मिनिटं. मग मी माझी बाजू नीट मांडली: टक्केवारी, दूरदृष्टी, पाठ थोपटली होती ती तारीख. साहेब अगदी हळू आवाजात म्हणाले की बिल खाली आलंय, हे मी विसरलेलो नाही.

ठीक वाटलं. एकंदरीत मीटिंग चांगली झाली.

१८ जून
चष्मेवालीने बाहेरच्या एका छोट्या प्रयोगशाळेशी बोलणी केली. दातांचे एक्सरे साठवून ठेवायला त्यांना यंत्रं हवी आहेत. आमची जास्तीची त्यांच्या कामाला लावायची आणि त्यांनी आम्हाला पैसे द्यायचे. कल्पना मूळची माझीच म्हणता येईल. मी हमी दिली नसती तर देण्यासारखं तिच्याकडे होतं काय?

पार्टिशनवर पाटी अजून आलेली नाही. चौकशी करणे.

२५ जून
साहेबांनी मंगळवारी पाच वाजता भेटायला बोलावलंय. एकट्याला. नवीन शर्ट इस्त्रीला दिला. बायको म्हणाली, कशाला? मी म्हणालो, असे प्रसंग रोज येत नाहीत. तिने इस्त्रीवाल्याचे पैसे काढून दिले आणि माझी कॉलर उगाचच सारखी केली.

३० जून, मंगळवार. संध्याकाळी ६
तिघांतला एक म्हणजे मी.

साहेबांनी वाईट वाटतंय असं सांगितलं आणि त्यांना खरंच वाटत होतं. म्हणाले, बिल खाली आलं, पण नऊऐवजी बावीसचं भाडं तीन वर्षं भरायचं तर एक पगार वाचवावाच लागेल. प्रमुख आता चष्मेवाली. मी विचारलं, काही करता येणार नाही का? अकरा वर्षं झाली. त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. यंत्रांचा करार तीन वर्षांचा, मोडता येत नाही. माझं नेमणूकपत्र, एक महिन्याची नोटीस. दोन्हींवर माझी सही होती.

बाहेर चष्मेवाली थांबली होती. सर, मला हे नको होतं, असं म्हणाली. रडलेली दिसली. मीही तिला म्हणालो की मला तुझी नोकरी वाचवायची होती. हे मात्र खरं होतं. ती वाचली.

कामं सुपूर्द करायच्या यादीत पहिलंच: बेरीज करणारी बावीस यंत्रं प्रयोगशाळेसाठी रिकामी करून द्यायची. मीच करतो म्हणालो. आधी रिसेप्शनच्या बाईंचे फोटो त्यांना उतरवून दिले. मग यंत्रं निवडली, ‘बंद’ दाबलं. दोन मिनिटं नाही लागली. चार सेकंद.

घरी सांगितल्यावर बायको शेजारी येऊन बसली. सासूबाई ओला टॉवेल वाळत घालत होत्या. म्हणाल्या, जावईबापू, उद्या सहाला तयार राहा, काठ धरून पाय कसे मारायचे ते मी शिकवते. मी म्हणालो, मला जमणार नाही. त्यांनी कार्डावरची तारीख बघितली. म्हणाल्या, जमेल हो. अजून दोन वर्षं सात महिने आहेत.