त्या दिवशीचा वारा

ग्लासगो
१४ सप्टेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. नमस्कार.

अत्यंत जड अंतःकरणाने ही तक्रार तुझ्याविरुद्ध दाखल करत आहे. राखीपौर्णिमा होऊन महिना उलटला, लंडनहून, तुझ्या एजवेअरहून, राखी आलेली नाही. फोनवर तू म्हणालीस, "पाठवली रे बाबा, हिरव्या लोकरीची, मधे आईच्या नऊवारीच्या जरीचा तुकडा लावून." वर्णन सुंदर आहे, पण वर्णनाला गाठ मारता येत नाही. टपालावर ढकलू नकोस. अतुलरावांनी माझ्या साखरेसाठी पाठवलेला आहाराचा तक्ता त्याच टपालाने बिनचूक आणला.

माझं एक वेळ सोड, बोयाचं काय? हातावरची राखी ग्रीसने काळी होते म्हणून गेली काही वर्षं ती थेट उत्तरेतल्या लॉखवर, डोंगरातल्या त्या तळ्यावर जाते आणि आमच्या पिवळ्या बोयाच्या कडीला बांधली जाते. तो बिचारा बारा महिने त्या गार पाण्यात एकटा, पोटाखाली सेन्सर लोंबकळत. पाणी किती थंड, किती गढूळ, त्यात किती प्राणवायू विरघळलेला, हे मोजतो आणि उपग्रहामार्फत आम्हाला कळवतो. जलवास, एकांत आणि अखंड जप! मी त्याला प्लवमान मुनी म्हणतो. रक्षणाची गरज माझ्यापेक्षा त्यालाच जास्त.

सध्या मुनींचं काहीतरी बिनसलंय. उन्हाळाभर तळाचा प्राणवायू उतरत होता. थंड पाण्यातले मासे तिथे खाली राहतात, म्हणून आम्ही काळजीत. आणि ऑगस्टमध्ये एका दुपारी आकडा उडी मारून वर! तळ्यात एका दुपारीत काहीही बदलत नाही, ताई. सेन्सरच्या तोंडावर शेवाळ धरलं की तो कमी दाखवतो, पुसला की खरं बोलतो. म्हणजे कोणीतरी तो पुसला तरी, नाहीतर ऑफिसात बसून त्याच्या सेटिंगशी खेळलं तरी. त्या दिवशी पुसायला मीच गेलो होतो, पण वारा असला भयंकर की नाव सोडलीच नाही. टोपी उडून पाण्यात गेली. किनाऱ्यावर मॉराचं गेस्टहाऊस आहे, तिच्याकडे चहा घेतला आणि परतलो.

उरली देविका. ही आमच्याकडे वसंतात लागलेली मुलगी, इथेच स्लाऊला जन्मलेली, अजून प्रोबेशनवर. तिला विचारलं.

"शशीकाका, मी काहीच टच नाही केला. बोया चांगली आहे. तुम्हीच क्लीन केली असणार."

"मी? त्या वाऱ्यात?"

"वारा मला काय माहीत? मी तर कझिनच्या लग्नात होती!"

"लग्नात लॅपटॉप नव्हता?"

"काका, लग्नात मेंदी होता!"

तिचा लिंगविचार अगाध आहे, पण चेहरा खोटं बोलणारीचा नाही. मग बोललं कोण खोटं, मुनी? डोकं चालत नाही. शेवटी बॉसला कळवणं भाग होतं; 'सेटिंगमध्ये बहुधा देविकाकडून ढवळाढवळ' असं कळवलं. तेव्हापासून ती मला गुड मॉर्निंग म्हणते, पण काका म्हणत नाही.

राखीच्या प्रतीक्षेत,
तुझा उपेक्षित बंधू
शशी


ग्लासगो
९ नोव्हेंबर २०२५

प्रिय ताई,

या वेळी साष्टांग वगैरे राहू दे. भाऊबीजेच्या करंज्या नीट पोचल्या. मंजिरीने अर्ध्या वॉर्डात नेल्या, एका नर्सने आत काय आहे विचारलं तर ही म्हणाली, "माझ्या नणंदेचा हट्ट." अतुलरावांना सांग, साखर ताब्यात आहे. इकडे पाच वाजायच्या आत काळोख पडतो. बॉयलर दुरुस्त झाला.

बघ, पानभर बॉयलरच लिहीन की काय असं वाटायला लागलंय.

गेल्या मंगळवारी देविकाला घेऊन लॉखवर गेलो होतो. डोंगरमाथ्यांवर बर्फ, पाणी काळंशार. तिने मुकाट्याने नाव वल्हवली. वेगळा सेन्सर खाली सोडून बोयाशी आकडे ताडले, तंतोतंत जुळले. तळ्याला काहीही झालेलं नाही, ताई. मासे सुखरूप. उन्हाळ्यात फक्त शेवाळ होतं आणि ऑगस्टमध्ये कोणीतरी ते नीट, हातानं, पुसलेलं होतं.

मग देविका कडीवरचा हिरवा चिखल ब्रशने काढायला लागली आणि ओरडली, "काका, राखी! तुमच्या ताईंचा राखी!"

हिरवी लोकर. मधे जर. पाण्यात राहूनही चकाकत होती. आणि गाठ माझी. दुहेरी मारून शेपटं आत खोचलेली, जिला तू दर वर्षी नावं ठेवतेस.

ती आधी हसली. आपण सुटलो, हे तिच्या लक्षात आलं असणार. मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबलं. थर्मासमधला चहा ओतून कप माझ्या हातात दिला, आणि मी तो घट्ट धरलाय हे बघूनच आपला हात काढला. तू अण्णांना शेवटी शेवटी असाच कप द्यायचीस.

परतताना मॉराला विचारलं, ऑगस्टमध्ये वारा होता ना गं? ती म्हणाली, "वारा? पाणी तव्यासारखं सपाट होतं. मी नेहमीसारखी किनाऱ्यावर उभी होते, तू नावेतून मला हात केलास की!" ताई, मला तो वारा अजून ऐकू येतो. टोपी उडून लाटांवर गेलेली दिसते. ती टोपी आत्ता हे लिहिताना समोर खुंटीला आहे. कुठला वारा होता तो? मागच्या एखाद्या वर्षीचा? की कुठलाच नाही? पाकीट हातात घेतल्याचं, फोडल्याचं, गाठ मारल्याचं, काही म्हणजे काही आठवत नाही.

बॉसला खरं कळवलं. देविकाची माफी मागितली. म्हणाली, "इट्स ओके काका, होतो असा." होत नाही गं असं, म्हणणार होतो.

ग्लासगोला येताना गाडी तिलाच चालवू दिली आणि शेजारी बसून मनातल्या मनात संस्कृत शब्द चालवले. लहानपणी अण्णा न्हाणीघराबाहेर उभे राहून म्हणून घ्यायचे तसे. साती विभक्ती, तिन्ही वचनं, एक अडखळ नाही. बराच वेळ मी अगदी खुशीत होतो. मग आठवलं, अण्णांनाही शेवटपर्यंत येत होते. त्यांच्या आठवणीतून तुझं नाव गेलं त्यानंतरही येत होते.

आणि ती छत्री आठवते? शेजारच्या रवीने पळवली म्हणून अण्णांनी गल्ली डोक्यावर घेतली आणि छत्री त्यांच्याच दंडाला लटकलेली. आपण पोट धरून हसलो होतो. तेव्हा ते जवळजवळ आजच्या माझ्याच वयाचे होते. मी देविकावर आळ घेतला, तोही त्या वाऱ्याच्या अशाच पुऱ्या खात्रीवर.

मंजिरीला सांगितलेलं नाही. सांगितलं की ती त्या क्षणी डॉक्टर होईल, आणि ते योग्यच आहे, पण मला त्याआधी तू हवी आहेस. फोनवर नको. तू ये. बोयावर शंका आली तर काय करायचं मला ठाऊक आहे, दुसरा सेन्सर शेजारी सोडायचा आणि दोघांचं जुळतं का ते पाहायचं. चार दिवस माझ्या शेजारी बस. मला काय आठवतं आणि खरं काय घडलं, ते ताडून बघ. अण्णांचं सुरुवातीला कसं होतं, ते तुझ्याइतकं कोणी जवळून पाहिलेलं नाही. तुला दिसेल. दिसलं तर लपवू नकोस.

मला भीती वाटते, ताई. अण्णांना झालं तेच मला होतंय, असं वाटतं.

राखी मिळाली होती.

तुझा धाकटा
शशी