राखून ठेवलेला गिअर

२ सप्टेंबर, सकाळ

गाडी घेतली. जपानी. स्पोर्ट्स कार. सेकंडहँड, पण सीट फर्स्टक्लास. आयुष्यभर मी गाड्यांची सीट-कव्हरं शिवली, मला गाडी सीटवरून कळते. मूळ शिवण, एक टाका उसवलेला नाही. विकणाऱ्याला जुळं झालं आणि गाडीत जागा दोनच, म्हणून विकली. तो म्हणाला, काका, बॉनेट तरी उघडून बघा. म्हटलं, इंजिन काय, कोणीही बघतं.

त्यानेच दारापर्यंत आणून दिली. मी शेजारी बसलो होतो. रस्ता पाहिला नाही. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं. दोन्हींत.

२ सप्टेंबर, दुपार

हिने विचारलं, अहो, घ्यायचीच होती तर चारचौघांसारखी घ्यायची. ही कसली बसकी?

हिला कारण नीट सांगितलं. जुलैत ही बाथरूममध्ये घसरून पडली, तेव्हा मी फोन हातात घेऊन उभा होतो. एकही नंबर आठवेना. शेवटी शेजारच्या शिक्षिकाबाईंनी धावपळ केली. तेव्हापासून मुलगी, म्हणजे आमची ठकी, हात धुऊन मागे लागली आहे. घर विका आणि माझ्याकडे राहायला या. ती दोन तासांवर राहते. आमच्यासाठी मागची खोली काढून ठेवली आहे. त्या खोलीची खिडकी उघडत नाही.

आता गाडी आहे. वेळ आली तर पाच मिनिटांत दवाखाना. आणि लवकरच पोचायचं तर हळू गाडी कशाला? माझं तर मत असं की भित्र्या माणसाने वेगवान गाडी घ्यावी. भीती लवकर उरकते. (मी भित्रा नाही. सर्वसाधारण सांगतो आहे.)

३ सप्टेंबर

चालू केली. आत कोणी बाई बोलल्या. जपानीत. एक पूर्ण वाक्य.

बंद केली. परत चालू केली. तेच वाक्य. आवाज गोड, पण आत धाक आहे. काहीतरी इशारा असणार. विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, ती पहिल्यापासून बोलते काका, आम्ही लक्षच देत नव्हतो. लक्ष दिलं नाही म्हणून जुळं झालं.

सीट फार खाली आहे. बसता येतं, म्हणजे पडता येतं. उठता येत नाही. गुडघे कानाशी येतात. हिने दोन्ही हात धरून ओढलं. म्हणाली, दाढ काढायला सोपी. हे ठकीला सांगायचं नाही असं दोघांत ठरलं. हिने नुसती मान हलवली. ते ठरणंच झालं.

५ सप्टेंबर

निश्चय. दर आठवड्याला एक गिअर. घाई नाही. दांड्यावरचे आकडे पुसले गेले आहेत, त्यामुळे एकूण किती ते कळत नाही. चार धरून चालतो. लायसन आहेच. वर्कशॉपमध्ये शेडपासून गेटपर्यंत गाड्या मीच काढायचो. सरळ रेषेत.

८ सप्टेंबर

पहिला गिअर. फाटक ते कोपरा. एक कुत्रं पुढे निघून गेलं. त्याने मागे वळून पाहिलं ते मला आवडलं नाही.

कोपऱ्यावर गाडी वळवता येईना. रिव्हर्सचा आठवडा अजून ठरवलेला नाही. पोरांनी ढकलून फिरवून दिली. मी आत बसून स्टिअरिंग फिरवत होतो, त्यामुळे चालवण्यातच धरायला हरकत नाही.

१३ सप्टेंबर

बाईंचा आवाज आज कडक वाटला. रद्द.

१४ सप्टेंबर

आजही.

१९ सप्टेंबर

मिस्त्रीला दाखवली. म्हणाला, काका, गाडी टुणटुणीत आहे, पळवा तिला, उभी राहून आजारी पडेल. सकाळी पाच मिनिटं गरम होऊ द्या आणि सोडा. बाईंचं विचारलं. म्हणाला, मला त्यांची भाषा येत नाही, पण माझ्या बायकोचाही सूर असाच आहे, काही होत नाही. बेजबाबदार माणूस. गरम करण्याचं मात्र पटलं. पाच मिनिटं कमीच वाटतात.

२४ सप्टेंबर, संध्याकाळ

तीनदा लिहायला बसलो. पेन बिघडलं असावं.

दुपारी हिच्या छातीत दुखायला लागलं. चेहरा पांढरा. मी म्हटलं, काही घाबरू नको, आपल्याकडे गाडी आहे. खाली धावलो, गाडीत पडलो, चालू केली. बाई बोलल्या. म्हटलं, बाई, आज नका अडवू. गाडी गरम व्हायची वाट पाहत बसलो. काटा हलेना. पाय क्लचवर नाचत होता. तो खाली दाबावा तर वर येई.

किती वेळ गेला कोण जाणे. काचेवर टकटक झाली. ही उभी. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे चालत जाऊन, तपासून, गोळ्या घेऊन परत आली होती. ऍसिडिटी. म्हणाली, बंद करा ते, पेट्रोल जळतंय. आणि हात पुढे केला.

काटा तेवढ्यात हलला होता. थोडं आधी कळवलं असतं तर नेलंच असतं.

२५ सप्टेंबर

शिक्षिकाबाईंनी ठकीला सगळं सांगितलं. ठकीचा फोन. बाबा, आता पुरे झालं. घराला गिऱ्हाईक मी बघते.

मी म्हटलं, तुला वाटतं तितका मी गेलेला नाही. ती म्हणाली, बरं. मग येऊन दाखवा. येत्या तीस तारखेला, रविवारी, आईला घेऊन, तुम्ही स्वतः चालवत. आलात तर घराचा विषय परत काढणार नाही, शब्द देते. नाही आलात तर सामान बांधायला मी येते.

म्हटलं, एवढंच ना? फोन ठेवला. नंतर बराच वेळ स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून होतो. ही म्हणाली, अहो, स्टूल भिंतीला लावून बसा.

या घरातल्या खुर्च्यांच्या गाद्या मी शिवल्या आहेत. खिडक्या सगळ्या उघडतात.

२८ सप्टेंबर

दुसरा गिअर सापडला. तिसराही. तिसऱ्यात गाडी मागून फुस्स करते, कोणी सुस्कारा सोडावा तशी. हिला विचारलं, तू सोडलास का? म्हणाली, मी अजून सोडलेला नाही, आत धरून ठेवलाय. तीनवरच थांबणार. पुढचे जपान्यांसाठी आहेत.

३० सप्टेंबर, रविवार, दुपार. ठकीचं घर

आलो.

आलो!

हायवेवर चढलो तेव्हा मला घराचा पत्ता आठवेना, स्वतःच्या. मग देवासारखा एक ट्रक भेटला. मागे गाद्याच गाद्या भरलेल्या, दोरीने बांधलेल्या. हळू चाललेला. त्याच्या मागे लागलो. आपटलोच तर कापसात. ही संत्रं सोलून एकेक फोड माझ्या तोंडात घालत होती आणि मधूनमधून म्हणत होती, अहो, श्वास घ्या. मी घ्यायचो.

ट्रक चहाला थांबला. मीही मागे थांबलो, गाडी चालू ठेवून. ड्रायव्हर येऊन वाकला. म्हणाला, आजोबा, माझ्याशी काही काम आहे का? मघापासून बघतोय. म्हटलं, नाही, तुम्ही चहा घ्या निवांत, आम्हाला घाई नाही. तो गाडीकडे बघत राहिला. म्हणाला, ही गाडी, आणि घाई नाही? मग जाताना त्याने हात बाहेर काढून आम्हाला, या, असा इशारा केला. भला माणूस. पुढे तो वळला, तेव्हा मला भाऊ गेल्यासारखं झालं.

तिथून मी एकटा. म्हणजे ही होती. पण ट्रक नव्हता.

ठकी गेटवर उभी होती. टाळ्या वाजवल्या, रडली, म्हणाली, जिंकलात बाबा, घराचा विषय संपला. मग मी उतरायला लागलो. एका बाजूने जावई, दुसऱ्या बाजूने वॉचमन. तिसऱ्या ओढीला निघालो. ठकीच्या टाळ्या मध्येच थांबल्या. पण शब्दाला जागली.

उद्या सकाळी परत निघायचं. आता रस्ता माहीत आहे.

१ ऑक्टोबर

वारा आहे. गाडी हलकी. उद्या.

२ ऑक्टोबर

परतीला तसाच ट्रक हवा. चालत हायवेपर्यंत जाऊन उभा राहिलो. ट्रक खूप, पण सगळे घाईत. एकात लोखंडी सळया होत्या, मागे बाहेर आलेल्या. लगेच घरी आलो.

३ ऑक्टोबर

जावई म्हणाले, बाबा, तुमच्या त्या बाई काय म्हणतात ते बघू या. त्यांच्या मोबाइलमध्ये भाषा समजणारं काहीतरी आहे. गाडीत धरला. बाई बोलल्या. मोबाइल म्हणाला: टोलचं कार्ड बसवलेलं नाही.

जावई हसत खाली बसले.

म्हणजे एवढे दिवस बाई फक्त टोलचं बोलत होत्या. मला हे पटत नाही. आवाजातली काळजी मोबाइलला कळत नाही.

४ ऑक्टोबर

ही म्हणाली, झाडं वाळली असतील, निघू या. म्हटलं, गाडी अजून थकलेली आहे. ही म्हणाली, मग बसने जाऊ. म्हटलं, आणि गाडी? तिला इथे टाकून? ही म्हणाली, बरं, तुम्ही या तिला घेऊन सावकाश. पिशवी उचलली आणि बसने निघून गेली. संध्याकाळी फोन. पोचले. कुंड्यांना पाणी घातलं.

ठकी म्हणाली, आईचं काही नाही हो, ती राहील एकटी. मी विचारलं, मग कोणाचं आहे? ती भाजी चिरत राहिली.

मागच्या खोलीत झोपतो. खिडकी खरंच उघडत नाही. आतून तपासली.

६ ऑक्टोबर

हिला तासातासाला फोन करतो. बाथरूमची फरशी कोरडी आहे का? आहे. भिंतीला धरून जातेस ना? जाते. दार आतून लावू नकोस. नाही लावत. शेवटी म्हणाली, अहो, तुमचा फोन उचलायला धावते आहे, त्यातच पडेन एखादे दिवशी.

म्हणून आज दोन तास केला नाही. ते दोन तास फार वाईट गेले.

७ ऑक्टोबर, संध्याकाळ. स्वतःचं घर

सगळं नीट क्रमाने लिहितो.

सकाळी फोन केला. उचलला नाही. परत केला. नाही. शिक्षिकाबाईंना केला, तर त्या गावाला. चौथ्यांदा केला, वाजून वाजून बंद पडला. माझ्या डोळ्यांसमोर ती फरशी.

गाडी याच वेळेसाठी घेतली होती. खाली गेलो. आत पडलो. चालू केली. बाई म्हणाल्या, टोलचं कार्ड बसवलेलं नाही. पहिला गिअर टाकला. पाय काढायचा क्लचवरून. एवढंच. सोसायटीचं गेट उघडं होतं. समोरून रस्ता दिसत होता, त्यावर गाड्या जात होत्या, एकामागून एक. पाय निघाला नाही. मी हाताने गुडघा धरून उचलायला लागलो, तरी निघाला नाही. तोंडाने हिचं नाव घेत होतो.

ठकी खाली आली. ओरडेल वाटलं. तिने वाकून किल्ली फिरवली, माझे हात धरले, एका ओढीत बाहेर काढलं. म्हणाली, चला बाबा. मला कोपऱ्यावरच्या स्टँडवर नेलं, बसमध्ये बसवलं, म्हणाली, मी फोन करत राहते, तुम्ही पोचा.

बस भयंकर वेगात गेली. ओव्हरटेक काय, हॉर्न काय. माझं लक्ष नव्हतं.

घरी आलो तर दार नुसतं लोटलेलं. ही खिडकीत उभी, कुंडीतली माती उकरत होती. फोन कुठे? म्हणाली, गादीखाली ठेवला, तुमच्या भीतीने. जरा झाडांचं करू म्हटलं निवांत.

मी दाराच्या चौकटीला धरून उभा राहिलो. ही माझ्याकडे बघून म्हणाली, अगं बाई, इतक्या लवकर? काय पळवलीत म्हणायची! आणि कौतुकाने खिडकीतून खाली वाकली. बराच वेळ वाकून बघत होती. मग आत गेली आणि चहा ठेवला.

ठकीला फोन करून आई ठीक आहे ते कळवलं. तिचाही श्वास सुटलेला ऐकू आला. मग म्हणाली, बाबा, गाडी इथे आहे तोवर मी ऑफिसला नेऊ का? मघाशी जागेवर लावताना चालवून पाहिली, छान चालते. हिला सहा गिअर आहेत, माहीत होतं? म्हटलं, माहीत आहे. राखून ठेवले होते.

घराचा विषय तिने काढला नाही. मीही काढला नाही.

चहा घेताना खिशातून बसचं तिकीट खाली पडलं. हिने उचललं, पुसलं, माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, जपून ठेवा. ठकीला दाखवायला होईल. एकटे आलात.

ठेवलं आहे. एक गोष्ट मात्र तिकिटावर छापलेली नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो. बसची सीट उंच होती. शिवण रद्दड, पण उंच. उतरताना कोणाचाही हात लागला नाही. कंडक्टरने बघितलं आहे.