कोऱ्या पिशव्या

३ मार्च, मंगळवार

कोरा पुन्हा बोलला!

कोरा म्हणजे विषाचा लवलेश नसलेला शिंपल्यांचा नमुना. यंत्रात घातला की कागदावर सरळ रेघ यायला हवी. आज रेघेला टेंगूळ — किलोमागे ०.२ मिलिग्रॅम विष. खाण्याला मर्यादा ०.८ची, म्हणजे विकायला चालेल. पण कोरा म्हणून नाही चालणार. कोराच खोटा, तर आमच्या नव्या चाचणीवर विश्वास कोण ठेवणार?

डॉक्टरीणबाई (पदव्या त्यांच्याकडे, प्रयोगशाळा माझ्याकडे, असं आमचं छान जमतं) म्हणाल्या, यंत्र खोटं बोलत नाहीये. मी म्हटलं, "मग काय माझा मेहुणा खोटं बोलतोय?" शिंपले त्याच्याच खाडीतले. आठ वर्षांत एकदाही नापास नाहीत. जानेवारीपासून दर आठवड्याला एक-दोन पिशव्या पाठवतोय, त्या फ्रीजरमध्ये जातात.

बाई हसल्या नाहीत.

५ मार्च, गुरुवार

सगळी काचेची भांडी स्वतः धुतली. तीस वर्षांपूर्वी याच कामावर लागलो होतो. हात विसरलेले नाहीत. बाहेर शिपाई कुणाला तरी सांगत होता, साहेबांना घरी भांडी घासायला मिळत नाहीत वाटतं. ऐकू आलं. माझे कान हीच माझी पदवी!

कोरा: ०.१. जिंकलो.

६ मार्च, शुक्रवार

कोरा: ०.४. धुतल्यावर वाढतं?

९ मार्च, सोमवार

मान्यता खात्याचं पत्र. तुम्ही विष वरून मिसळून नमुने तयार केलेत, ते पुरे नाहीत. समुद्रातच विषारी झालेले, कमीजास्त प्रमाणाचे निदान दहा नमुने तपासून दाखवा. ३१ तारखेपर्यंत. नाहीतर आमची चाचणी वर्षभर लांबणीवर — आणि तोवर जुन्या पद्धतीने उंदरांना शिंपल्यांचा अर्क टोचून ते मरतात का बघत बसायचं.

बाईंनी सात प्रयोगशाळांना पत्रं लिहिली: असले शिंपले असतील तर द्या.

१३ मार्च, शुक्रवार

सातही ठिकाणी नन्नाचा पाढा. एकाने तर माफी मागितली — यंदा आमचा समुद्र फारच स्वच्छ आहे म्हणे.

१५ मार्च, रविवार

मेहुण्याकडे जेवायला. बुधवारी त्याचा वर्षाचा मोठा माल निघायचा होता, ट्रक ठरलेले, स्वारी खुशीत. भाऊजी अजून बाटल्याच धुतात का, हे विचारून झालं. दरवर्षी विचारतो. मीही दरवर्षी हो म्हणतो.

शिंपल्यांचं मोठं पातेलं आलं. आम्ही अजून हात धुऊन बसतोय, तोवर त्याने स्वतःचं एक ताट संपवलंही. दुसऱ्यांदा वाढून घेता घेता बहिणीला, म्हणजे माझ्या बायकोला म्हणाला, "ताजा माल कसा ओळखायचा सांगू, ताई? ओठांना अशा बारीक मुंग्या येतात बघ."

सगळे हसले. मी बायकोच्या हातातला घास काढून घेतला. पातेलं उचललं आणि ओट्यावर नेऊन झाकलं. "अहो, हे काय चाललंय तुमचं!" ती म्हणाली. शिंपल्यातलं विष पहिल्यांदा ओठांवर कळतं, हे त्या घरात मला एकट्यालाच ठाऊक.

डॉक्टरांना बोलावलं. ते चार तास बसून राहिले. संध्याकाळी मेहुण्याच्या मुंग्या गेल्या, राग नाही गेला. उरलेले कच्चे शिंपले मी घेऊन आलो.

१६ मार्च, सोमवार

कालचे शिंपले: १.६. मर्यादेच्या दुप्पट!

मग फ्रीजर रिकामा केला. इतके दिवस कोऱ्याच्या पिशव्या हाताला येतील तशा काढत होतो, म्हणून आकडे वरखाली नाचायचे. आज अकराच्या अकरा पिशव्या तपासल्या आणि आकडे पिशव्यांवरच्या तारखांप्रमाणे लावले. जानेवारीत जेमतेम काही, मग ०.१, ०.२, ०.४, परवाच्या पिशवीत ०.७. सरळ जिना! विष खाडीत हळूहळू चढत होतं, आणि मी भांडी घासत होतो.

बाईंनी कागदावरचे आकडे बोटाने मोजले. मग म्हणाल्या, "साहेब, आपण सात ठिकाणी पत्रं लिहिली."

दहा हवे होते. अकरा निघाले. आमच्याच फ्रीजरमध्ये, आणि वर माझ्याच वळणदार अक्षरात 'कोरा'! बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, भांडी मात्र खरंच लख्ख निघालीत.

खाडीत विष असल्याचं खात्याला लगेच कळवलं. मेहुण्याला घरातूनच कळावं असं वाटत होतं. बायको म्हणाली, तुमचं तो हसण्यावारी नेईल. तिनेच फोन लावला. "ट्रक परत पाठव. आणि यांच्यावर चिडायचं नाही, हे मी सांगतेय." फोन ठेवल्याचा आवाज मला दाराशी ऐकू आला.

१८ मार्च, बुधवार

ट्रक निघाले नाहीत. त्याचा फोनही नाही.

२० मार्च, शुक्रवार

अकरा नमुन्यांसकट फाईल रवाना. मी आणि बाई चहा प्यायलो, दोन-दोन कप. घरी बायकोशी पत्ते खेळलो, हरलो. तरी छान वाटतंय. एवढंच, की डाव मोडताना ती म्हणाली, आठ दिवस झाले नाहीत अजून, येईल तो.

२३ मार्च, सोमवार

सकाळी प्रयोगशाळा उघडायला गेलो तर पायरीवर मेहुणा. मागे खाडीतले आणखी पाच शिंपलेवाले, प्रत्येकाच्या हातात ठिबकणारी पिशवी. मेहुण्याने आपली पुढे केली. पिशवीवर त्याच्या कोंबडीच्या पायांसारख्या अक्षरात पट्टी: 'कोरा समजू नये.'