झाडांच्या वाट्याचं पाणी

६ एप्रिल, सोम.
नगरहून हिचं डायलिसिस करून साडेचारला घरी. सुमनचं वजन साडेतीन किलो वाढलेलं, चार दिवसांत. दोनच्या आत हवं. सगळं पाणीच. सिस्टर सगळ्यांसमोर, "काका, पाणी मोजून देता ना?" मोजून? तीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत मोजपात्रं धुतली मी. दिवसाला सातशे मिली, चहा-आमटी धरून. बाटलीवर पट्टी चिकटवलीय. राग आला, गिळला.

७ एप्रिल, मंगळ.
गॅलरीतल्या नऊ कुंड्यांची पार रया गेली. जानेवारीत पोरगी पुण्याहून घेऊन आली, आईला विरंगुळा म्हणून. जाड पानांची झाडं, सक्युलंट. आता पानं सुरकुतलेली, एकाची तर हात लावला की गळतात. फोनवर पोरगी म्हणते, "बाबा, ही झाडं जास्त पाण्याने मरतात. आई रोज घालते का?"
घालते. रोज सकाळी पिंपातून तांब्या भरून घेते आणि गॅलरीचं दार लोटून झाडांत रमते. बरं वाटायचं बघून. आठवड्यातून एकदाच घाल म्हणालो तर भडकली. "पुन्यात बसून तिला काय कळतंय हितलं ऊन? माजी झाडं हायत. मी बघीन."
एवढं चिडण्यासारखं काय होतं त्यात?

९ एप्रिल, गुरु.
तीनच दिवसांत चार किलो. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. असंच चाललं तर पाणी फुफ्फुसात भरेल, मग घरून नगरला पोचेपर्यंतही वेळ मिळायचा नाही. असंच म्हणाले, आवाज न चढवता.
घरी आल्यावर माठ उचलून माळ्यावर टाकला. फ्रिजमधल्या बाटल्या काढल्या. मग डोक्यात आलं, मी बाजारात गेलो की शेजारच्या रुखसाना भाभी चहा पाजत असतील. जाऊन वाट्टेल ते बोललो. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "भाईसाब, मी तिच्यासमोर स्वतःपन पानी पीत न्हाई."

१३ एप्रिल, सोम.
पुन्हा साडेतीन किलो. रात्री दोन उशा घेऊन, अर्धवट बसून झोपते. मी जागाच असतो, तिचा श्वास ऐकत.

१४ एप्रिल, मंगळ.
जयंती. नको म्हणत होतो, पण पांढरी साडी नेसून तयारच होती. चौकात दर दहा पावलांवर सरबत, ताक, थंड पाणी. बायका ग्लास पुढे करायच्या, "घ्या वो मावशी, घोटभर तरी." हिचं प्रत्येकीला हात जोडून नाही. ओठ फुटलेले, आणि नजर ग्लासावर. भरून आलं मला. अशी बाई पाहिली नाही.
घरी आल्याबरोबर तांब्या घेऊन गॅलरीत. सकाळी घातलंस की, म्हणालो. "ऊन लई हुतं आज."

१५ एप्रिल, बुध.
सुकलेलं एक झाड पिशवीत घालून खर्डा रोडच्या नर्सरीत नेलं. शेखभाईंनी कुंडी कागदावर पालथी केली. माती नुसता भुगा, बुडापर्यंत.
"कोन म्हनतं पानी जास्त झालं? ह्याला दोन म्हैने थेंब न्हाई मिळाला, सर."
"रोज तांब्याभर घालतात."
"मंग ते दुसरीकडंच जातंय." हसले.
मी हसलो नाही. लिटरचा तांब्या आहे तो. कधी अर्धा, कधी पाऊण. कालसुद्धा, जयंतीहून आल्यावर. हात जोडून आल्यावर.
पिंपाला कुलूप लावायचं सुचलंच नाही मला. ते झाडांचं पाणी, आठ-आठ दिवस साठवलेलं. ते कोण पितं?
संताप. मग रस्त्याकडेला गाडी लावून रडलो. साठी उलटलेला माणूस.

१६ एप्रिल, गुरु.
ती उठायच्या आत कुंड्यांना मीच पाणी घातलं, शेखभाईंनी सांगितलं तसं खालून निथळेपर्यंत. पिंपाला कडी केली, कुलूप लावलं. तिने कुलूप पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. नगरला काटा तीन पॉइंट आठ.

१९ एप्रिल, रवि.
पानं फुगली. तीन दिवसांत! ती बोटाने चाचपत होती.
"कुनी घातलं?"
"मी."
माझ्याकडे न बघता, "तुमी दिवसातून किती येळा पानी पिता, ठाव हाय का? मी मोजते. काल सतरा येळा. घटघट आवाज येतो तुमचा."
मरशील, एवढंच तोंडातून आलं. ते बोलायला नको होतं.

२० एप्रिल, सोम.
एक पॉइंट नऊ. सिस्टर खूश. सुमन खिडकीबाहेर बघत होती. मी आता पाणी बाहेर जाऊन पितो, चोरासारखा.

२३ एप्रिल, गुरु.
काटा ठीक. घरात अबोला. आज जेवताना एकदम म्हणाली, "प्यायला न्हाई तर न्हाई. पन हातातनं तरी जाऊ द्या की पानी. तेबी तुमीच काढून घेतलं."
भाभींकडे जाऊन माफी मागितली. त्यांनी आधी खुर्ची दिली.

२६ एप्रिल, रवि.
कुंड्यांना पाण्याचा दिवस. बेचाळीस डिग्री. सुमन तांब्या घेऊन पिंपापाशी उभी.
"कुलूप काढा. आज मी घालते. आन् तुमी हितंच बसा, बघाया येऊ नका."
काय करावं? नाही म्हणालो तर घरात नर्स आणि पेशंट तेवढे उरतील. हो म्हणालो आणि चुकलो, तर? उद्यापर्यंत डायलिसिस नाही. कुलूप दोनदा घसरलं. मी तांब्या काठोकाठ भरून दिला. मोजला नाही.
तिने गॅलरीचं दार लोटलं. मी पेपर उघडून बसलो. एकच ओळ कितीदा वाचली कुणास ठाऊक. कान तिकडे. काही ऐकू आलं नाही.
बाहेर आली, रिकामा तांब्या माझ्यापुढे ठेवला.
"घातलं."
"बरं."
ती आत जाऊन पडलीय. गॅलरी इथून चार पावलांवर. उठून कुंड्यांत हात घातला की कळेल. पण ती जागी आहे, आणि माझ्या पावलांचा आवाज तिला ओळखू येतो.
अर्धा तास झाला. बसूनच आहे.